सिलिकॉन कार्बाइडचं व्हील लोखंडावर का संपतं, आणि पावसात का झडतं?

प्रश्न असा आहे: "काका, कुडाळला माझं छोटं वर्कशॉप आहे. ग्रिल, रेलिंग, पत्र्याच्या शेडची कामं करतो, शिवाय चिरा, म्हणजे जांभा दगड, आणि ग्रॅनाइटचं कापकाम, पॉलिशही घेतो. विक्रेता म्हणाला, व्हीलमधला सिलिकॉन कार्बाइडचा कापणारा दाणा साध्या दाण्यापेक्षा कडक, दुप्पट टिकतो, सगळ्याला तेच वापर. म्हणून आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, खरेदीत मे महिन्यात मी एक खोकं भरून कटिंग व्हीलं आणली. लोखंडावर ती बघता बघता संपतात, आणि आता श्रावणात काहींच्या कडा झडायला लागल्यात. माल नकली आहे का? दाणा पारखायचा कसा?"

कडा झडणारी व्हीलं आधी मशीनवरून उतरव. बाकीचं उत्तर सावकाश वाच, पण हे आज दुकान बंद करायच्या आत कर. एकदा कड झडलेलं व्हील "अजून थोडं चालेल" म्हणून परत लावायचं नसतं.

आता मालाबद्दल. तू लिहिलंस त्यावरून माल नकलीच असेल असं मला वाटत नाही. दाणा अस्सल असेल आणि तरीही तुझ्या कामाला चुकीचा असेल. विक्रेत्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. कडकपणा मोजायच्या नूप मापावर सिलिकॉन कार्बाइड २५००च्या आसपास भरतो, तपकिरी व्हीलांमधला ॲल्युमिनियम ऑक्साइड २१००च्या आसपास. पण त्याच मापावर पाणी दिलेलं कडक पोलाद ७००-८००च्या घरात येतं. म्हणजे पोलादापुढे दोन्ही दाणे पुरून उरतात. तरीही पोलादावर २१००वाला टिकतो आणि २५००वाला संपतो. माझी उमेदीची पाच-सहा वर्षं हे न कळताच गेली, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

तुझ्या चार इंची ग्राइंडरचा स्पिंडल मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. त्या हिशेबाने व्हीलची कड सेकंदाला ५७-५८ मीटर, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरच्या वर पळत असते. एवढ्या वेगाने दाण्याचं टोक अँगलवर घासतं तेव्हा त्या टोकाशी, डोळ्यालाही न दिसणाऱ्या जागेत, हजार अंशांच्या वर तापमान जातं. आणि तापलेलं लोखंड कार्बनला भुकेलेलं असतं. सिलिकॉन कार्बाइड म्हणजे तरी काय, सिलिकॉन आणि कार्बन. लोखंड त्याच्या टोकातला कार्बन ओढून घेतं, सिलिकॉनही त्यात विरतो. दाणा तुटत नाही, विरघळतो. टोक बोथट होतं, बोथट टोक जास्त घासतं, जास्त तापतं, आणखी विरघळतं. ॲल्युमिनियम ऑक्साइडमध्ये लोखंडाला खेचून घेण्यासारखा कार्बनच नाही, म्हणून तो तिथे टिकून राहतो.

हे डोळ्यांनी बघता येतं. घड्याळजींकडे असतं तसं दहापट भिंग घे. ग्रॅनाइटवर चाललेल्या सिलिकॉन कार्बाइडच्या व्हीलची कड भिंगाखाली धर. प्रत्येक दाणा खडीसाखर फोडल्यासारखा दिसेल, ताजे कोपरे, आत काळा काचेरी चमकारा. मग तसलंच व्हील दहा मिनिटं पोलादी पट्टीवर चालवून परत बघ. दाण्यांचे माथे सपाट, गुळगुळीत, देवळाच्या झिजलेल्या पायरीसारखे. मधूनमधून चिकटलेल्या लोखंडाचे ठिपके. त्या अवस्थेत व्हील कापत नाही, नुसतं घासतं. मग कारागीर जोर लावतो, जोराने बाँड, म्हणजे दाणे धरून ठेवणारा चिकटा, फुटतो, दाणे आख्खेच्या आख्खे निसटतात, आणि व्हील "संपतं". तू जे पाहतोयस ते हेच.

दाण्याचं मोल त्याच्या कडकपणावर ठरत नाही, तो तुझ्या मालावर कसा मरतो त्यावर ठरतं. सिलिकॉन कार्बाइड ठिसूळ आहे. दगडावर, काचेवर तो टोक बोथट होताच फुटतो आणि नवीन धार काढतो. तपकिरी ॲल्युमिनियम ऑक्साइड चिवट आहे, सुपारीसारखा. सहज फुटत नाही, पण पोलादाचा मार सोसत राहतो.

या दोघांची गल्लत व्हायला नावंही कारण आहेत. आपल्याकडे धारेच्या दगडाला जुनी माणसं कुरुंद म्हणत. कुरुंद म्हणजे नैसर्गिक ॲल्युमिनियम ऑक्साइड. इंग्रजीतला कोरंडम हा शब्दही आपल्याच भाषांतून, कुरुविंद-कुरुंदातून, तिकडे गेला. पुढे १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन हा माणूस कृत्रिम हिरा करायच्या खटपटीत माती आणि कोक विजेने तापवत होता. त्याला चकाकणारे कडक स्फटिक मिळाले. ते कार्बन आणि कोरंडम यांचं मिश्रण असावं असं समजून त्याने नाव ठेवलं कार्बोरंडम. त्यात कोरंडम अजिबात नव्हतं, ते सिलिकॉन कार्बाइड होतं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. म्हणून आजही दुकानात "कार्बोरंडम द्या" म्हटलं की समोरचा कुठला दाणा देईल याचा भरवसा नसतो. नावावर जाऊ नकोस, व्हीलवरचं अक्षर वाच. "ए"ने सुरू होतं ते ॲल्युमिनियम ऑक्साइड, "सी"ने सुरू होतं ते सिलिकॉन कार्बाइड, "जीसी" म्हणजे हिरवं सिलिकॉन कार्बाइड. "ए ३० एस बीएफ" असं छापलेलं असेल तर दाणा ए, दाण्याची जाडी ३० नंबरची, पकड (बाँड दाणा किती घट्ट धरतो ते) एस, आणि बीएफ म्हणजे रेझिनचा बाँड, आत काचतंतूंची जाळी. पोलादासाठीच्या आणि दगडासाठीच्या व्हीलांचा आकार-रंग बऱ्याचदा सारखा असतो, म्हणून हे अक्षर वाचायची सवय पोरांनाही लाव.

बनवायची रीत अजून ॲचेसनचीच आहे. सिलिका वाळू आणि पेट्रोलियम कोक एकत्र करून लांबच लांब भट्टी भरतात, मधून ग्राफाइटचा गाभा, आणि त्यातून वीज सोडतात. गाभ्याजवळ २२०० ते २५०० अंश. हिशेबाने ६० किलो सिलिका आणि ३६ किलो कार्बनातून ४० किलो माल निघतो, उरलेला ५६ किलो कार्बन मोनॉक्साइड वायू होऊन जातो. भट्टीतून निघालेला ढेकूळ मी पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा बराच वेळ खाली ठेवला नव्हता. वरच्या पातळ ऑक्साइडच्या थरामुळे त्यावर मोरकंठी, जांभळी, सोनेरी झाक खेळते. मग तो दळतात, चाळतात, धुतात, चुंबकाने लोखंड काढतात. काळा दाणा साधारण ९८ टक्के शुद्ध, हिरवा ९९च्या वर. हिरवा जरा जास्त ठिसूळ, म्हणून जास्त तीक्ष्ण.

यातलं आपल्याला परकं काही नाही. तुझ्या शेजारच्या कणकवली तालुक्यात कासार्ड्याची सिलिका वाळू आहे, इकडे दापोलीच्या बाजूला सड्यांवर बॉक्साइट आहे, ज्याच्यापासून तपकिरी ॲल्युमिनियम ऑक्साइड बनतो. आणि आपल्या देशात ग्राइंडिंग व्हील बनवायला सुरुवात झाली ती १९४१मध्ये, उरणजवळच्या मोरा इथे, ग्राइंडवेलच्या कारखान्यात. आपल्याच किनाऱ्यावर.

आता तुझ्या दुकानात सिलिकॉन कार्बाइड लागतं कुठे?

दगडाला. पण इथेही माझं मत सरळ सांगतो. ग्रॅनाइट आणि चिरा कापायला रोजचं काम असेल तर डायमंड ब्लेडच घे, पाणी लावून. सिलिकॉन कार्बाइडचं कटिंग व्हील एखाद-दुसऱ्या खाचेला, पाइपासाठी गाळा काढायला, तुळशीवृंदावनाचा कोपरा मारायला ठीक. जांभ्यात लोखंड असतं म्हणून तिथेही दाणा विरघळेल का, अशी शंका येईल. नाही, ते लोखंड गंजाच्या रूपात आहे, धातू म्हणून नाही. जांभ्याचा त्रास निराळा. ताजा, ओला चिरा मऊ असतो, त्याची लाल माती दाण्यांच्या फटीत बसते आणि व्हील भरून जातं. चिरा वाळलेला असेल तर कापायला बरा, पण धूळ खूप.

सिलिकॉन कार्बाइडचं खरं राज्य ग्रॅनाइटच्या, कडप्प्याच्या, मोझॅकच्या पॉलिशमध्ये. ओट्याची कड गोल करताना जे दगड तू लावतोस, ६०, १२०, २२०, पुढे ४००, ८००, ते याच दाण्याचे. तिथे एक नंबर गाळून पुढे उडी मारू नकोस. १२०चे ओरखडे ४०० ने जात नाहीत. वरवर चकाकी येते, गिऱ्हाईक खूष होऊन जातं, आणि दोन महिन्यांनी खिडकीतून तिरका उजेड आला की रेघा दिसतात.

नंबरांत आणखी एक फसगत आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते. सुट्या दाण्याचा नंबर "एफ" मापात असतो आणि पॉलिश पेपरचा "पी" मापात. जाड नंबरांत फार फरक पडत नाही, पण बारीक बाजूला दोन्ही मापं फाकतात. एफ १२००चा दाणा सुमारे ३ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पी १२००चा सुमारे १५ मायक्रॉनचा. नंबर एकच, दाणा पाचपट. पेपरने पी १२००पर्यंत घासून पुढे एफ ८००ची पावडर लावली तर ती मागे जाणं नाही, पुढे जाणं आहे, कारण एफ ८०० म्हणजे साधारण साडेसहा मायक्रॉन.

मालवण, देवगडच्या होडीवाल्यांची कामं येत असतील तर त्यांच्या पंख्यांनाही हाच दाणा. गनमेटल, पितळ, ब्राँझ यांना सिलिकॉन कार्बाइड चांगला मानवतो. फायबरच्या होडीचा जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत थर, घासायचा काळा वॉटर पेपरही हाच. बिडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, सुद्धा हा चालतो. लोखंड असून कसं? बिडात आधीच तीन टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो, त्याची भूक भागलेली असते, शिवाय त्याचा कीस लांब न निघता भुकटी पडतो. ॲल्युमिनियम मात्र लोखंडाच्या बेंच ग्राइंडरवर कधीच धरू नकोस. ते वितळून दाण्यांच्या फटीत भरतं, तापून व्हील फुटू शकतं, आणि ॲल्युमिनियमची व गंजलेल्या लोखंडाची धूळ एकत्र साठली तर ठिणगीने भडका उडतो.

लेथवरच्या टंगस्टन कार्बाइडच्या टिपेला हिरवं व्हील लागतं, साठ नंबरचं, मऊ पकडीचं. टंगस्टन कार्बाइडचा कडकपणा १८००-१९००, ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या इतका जवळ की तपकिरी व्हील त्यावर नुसतं चकाकतं. आधी खालचं पोलाद तपकिरी व्हीलवर मागे घे, मग टीप हिरव्यावर लाव, म्हणजे हिरव्याला पोलाद शिवणार नाही. तापलेली टीप पाण्यात बुडवायची नाही, तडा जातो.

तू विचारशील, मग घरी कोयत्याला, विळीला धार लावायचा तो काळा दुतोंडी दगड? तोही सिलिकॉन कार्बाइडचाच आणि कोयता तर पोलादाचा! बरोबर. पण हाताने, पाणी टाकून घासताना टोक तापतच नाही. उष्णता नाही तर लोखंडाला भूक नाही. म्हणून हाताच्या कामात तो पोलादावर उत्तम चालतो, आणि ग्राइंडरवर तोच दाणा चुकीचा ठरतो. वॉटर पेपरने पोलाद घासतो तेव्हाही हेच.

आता झडणाऱ्या कडांकडे येतो, कारण मला खरी काळजी त्याची वाटते.

सिलिकॉन कार्बाइडच्या दाण्याला आपल्या हवेने काही होत नाही. तो गंजत नाही, फुगत नाही, खाऱ्या वाऱ्यात वर्षानुवर्षं पडला तरी तसाच. हवा लागते ती बाँडला. कटिंग व्हीलचा बाँड फिनॉलिक रेझिनचा, आणि रेझिन ओल ओढतं. ओलीने दाणा आणि रेझिन यांची, रेझिन आणि काचतंतूंची मिठी सैल होते. अशी व्हीलं ४५ ते ६५ टक्के आर्द्रतेत ठेवावीत असं बनवणारे सांगतात. आपल्याकडे आषाढ-श्रावणात भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. आगोटीला तांदूळ, डाळ, लाकडं भरावीत, कटिंग व्हीलं भरू नयेत. मे महिन्यात खोकं फोडून ऑगस्टपर्यंत उघड्या फळीवर ठेवलं की ती कमकुवत होणारच, मग दाणा ए असो की सी.

माझी पद्धत अशी. पावसात पंधरा दिवसांपुरताच माल घेतो. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या, त्या महिन्यातून एकदा तापवून वाळवतो. व्हीलं आडवी, एकावर एक, वर सपाट लोखंडी चकती, म्हणजे वाकत नाहीत. भिंतीला उभी टेकवायची नाहीत, जमिनीवर ठेवायची नाहीत. मधल्या पत्र्याच्या रिंगवर मुदत ठोकलेली असते, रेझिनच्या व्हीलांना सहसा बनल्यापासून तीन वर्षं. ती गेली की फोडून टाकायची, गल्ल्याशेजारी ठेवायची नाहीत, कोणीतरी उचलतंच.

बेंच ग्राइंडरची चिनी मातीसारखी भाजलेली व्हीलं ओलीला एवढी घाबरत नाहीत, पण ती पडली की आतून तडकतात. नवीन व्हील बसवण्याआधी बोटावर टांगून स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकं वाजव. माठ घेताना वाजवतो तसंच. खणखणीत आवाज आला तर घे, भद्द आला तर ठेव. रेझिनच्या व्हीलला हा आवाज तसा लागत नाही, तिथे डोळ्यांनीच कड तपासायची. आणि पाणी सोडून काम केलंस तर पाणी बंद करून व्हील मिनिट-दोन मिनिटं रिकामं फिरव. नाहीतर पाणी खाली उतरून एक बाजू जड होते आणि सकाळी मशीन थरथरतं.

दुसरी गोष्ट तू लिहिली नाहीस, पण विचारतो. तुझ्या चार इंची मशीनवर गार्ड आहे का? माझ्याच शेडमध्ये, पुष्कळ वर्षांपूर्वी, एका पोराने चॅनल खोल कापायचा म्हणून गार्ड काढला आणि एजी-७ या मोठ्या ग्राइंडरचं सात इंची व्हील चार इंची मशीनवर चढवलं. मी दहा पावलांवर होतो. बंदुकीसारखा आवाज झाला. एक तुकडा पत्र्यातून आरपार गेला, दुसरा त्याच्या मांडीत. पोर वाचलं, पण मांडी अजून धड वाकत नाही, आणि त्याची आई मला बाजारात भेटली की मला शब्द सुचत नाहीत. त्याचा हिशेब तेव्हाच करायला हवा होता: ८० मीटर प्रतिसेकंद मर्यादेचं सात इंची व्हील मिनिटाला सुमारे ८,५०० फेऱ्यांसाठी असतं. ११,००० वर त्याची कड १०४ मीटरने पळते, आणि व्हील फाडणारा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे जवळजवळ १.७ पट. व्हीलवर छापलेला फेऱ्यांचा आकडा मशीनच्या आकड्याइतका किंवा त्याहून मोठा असलाच पाहिजे. पाच इंची व्हील आकड्यात बसतं, पण गार्डमध्ये बसत नाही, म्हणून तेही नको.

आणि धूळ. सिलिकॉन कार्बाइडची धूळ म्हणजे सिलिका, हे आधी मनातून काढ. विषारी आहे ती दगडाची धूळ. ग्रॅनाइटमध्ये पाव भाग किंवा त्याहून जास्त गारगोटी असते, आणि तिची बारीक धूळ फुफ्फुसात बसली की सिलिकोसिस होतो, जो परत जात नाही. आपल्या काळ्या दगडात गारगोटी फारच थोडी, पण ओटे बहुतेक ग्रॅनाइटचेच. कोरडं कापू नकोस, पाणी सोड. नाकाला रुमाल बांधणं म्हणजे काही न बांधणं, एन-९५ मास्क लाव, पोरांनाही दे.

दाणा पारखायचा तर सुट्या दाण्याचा चिमूटभर पांढऱ्या कागदावर पसर. खालून चुंबक फिरव, दाणे मोठ्या संख्येने हलले तर त्यात लोखंड किंवा झिजलेल्या व्हीलांचा भुगा मिसळलाय. काचेच्या ग्लासात पाणी घालून ढवळ, चांगला माल लगेच तळाला बसतो आणि वरचं पाणी पटकन स्वच्छ होतं, धूळ असेल तर बराच वेळ गढूळ राहतं. मग भिंगाखाली बघ: टोकदार, ठोकळे दाणे हवेत. चपटे, कपच्यांसारखे खूप असतील तर ते पहिल्याच दाबाला मोडतील.

तुझ्या खरेदीचं असं कर. अँगल, पाइप, सळीसाठी "ए" अक्षराची व्हीलं. स्टेनलेसच्या रेलिंगसाठी वेगळी, ज्यांवर लोखंड, गंधक, क्लोरीन नसल्याचं लिहिलेलं असतं ती, आणि ती साध्या लोखंडावर एकदाही वापरू नकोस. समुद्राकाठी रेलिंगला महिन्याभरात लाल ठिपके येतात, त्यातले बरेचसे व्हीलने चिकटवलेल्या लोखंडाचे असतात. घेतलेल्या सी व्हीलांपैकी ज्यांची मुदत शिल्लक आहे, जी ओली झालेली नाहीत, ज्यांची कड शाबूत आहे, ती डब्यात ठेव आणि दगडाला, बिडाला, गनमेटलला वापर. ज्यांच्याबद्दल जराही शंका आहे ती फोड. खोक्याची किंमत मनाला लागेल, मला कळतं. विक्रेत्याशी भांडायच्या आधी चार व्हीलांच्या रिंगांवरची मुदत आणि अक्षरं कागदावर उतरवून मला पाठव, मी बघून सांगतो त्यातलं काय परत करता येईल.